दोन इंच वर

म्हसू मरगळेनं आयुष्यात एकच काम मन लावून केलं. रस्ता राखला. बांधकाम खात्यात तो मैलकुली होता. वाट्याला आलेला रस्त्याचा तुकडा नीट ठेवायचा, खड्डा पडला की भरायचा, साइडपट्टीचं गवत काढायचं, पावसाळ्याआधी मोऱ्या मोकळ्या करायच्या, हे मैलकुलीचं काम. म्हसूचा तुकडा माले गावाच्या पुढं, धरणाच्या कडेकडेनं घाटाकडं जाणारा. निवृत्त होईपर्यंत त्यानं तो सोडला नाही. साहेब बदलले, डांबर बदललं, तुकडा तोच राहिला.

शनिवार-रविवारी त्या रस्त्यानं पुण्याच्या गाड्या जात. जीप, ट्रक, एस्टी यांचं म्हसूला काही वाटत नसे. त्यांना रस्ता कळत नाही. खड्डा असला तरी धडाधडा, नसला तरी धडाधडा. पण कधीतरी एखादी बुटकी गाडी यायची. दोन दारं, दोनच शिटा, छत उघडं. जमिनीला इतकी लगटून की आतला माणूस रस्त्यावर बसून घसरत चाललाय असं वाटावं. ती गाडी खरं बोलायची. ज्या पॅचवरून एस्टी बिनतक्रार गेली, तिथं ही कचकन दबकायची. म्हसू फावड्यावर रेलून बघत राही. ती गेली की पॅचवर हात फिरवी. बोटभर उंचवटा असायचाच. आणि जिथं काम बरोबर झालेलं असे, तिथून ती तुपातल्यासारखी जाई.

त्या गाडीत बसून आपला तुकडा एकदा बघायचा, हे त्याच्या मनानं तेव्हा घेतलं. बघायचा म्हणजे डोळ्यांनी नाही. डोळ्यांनी रोजच दिसत होता. बुडाखालून बघायचा. खड्डा भरणाऱ्याला आपण भरलेला खड्डा कसा झाला हे कधी कळत नाही. त्याच्या वाट्याला वरून फिरवलेला हात येतो. वेगात त्यावरून जातात ते दुसरेच, आणि खड्डा नसला तर त्यांना सांगण्यासारखं काही नसतं.

हे त्यानं कोणापुढं काढलं नाही. मैलकुलीनं असली गाडी मागावी, याला लोक हसले असते. हसण्यासारखंच होतं ते. शिवाय त्यानं तोवर चालवलं होतं काय, तर रोलर. रोलरवाला रजेवर गेला की साहेब म्हसूला वर बसवत. रोलरच्या पुढं माणूस चालत गेला तरी पुढंच राहतो.

निवृत्तीनंतर तो लवळ्याला, वरच्या अंगाच्या धनगरवस्तीवर कायमचा आला. बायको तुकाबाई, मुलगा सूरज, सूरजची बायको उत्कर्षा आणि थोडी मेंढरं. सूरजकडं पिकअप होता. होस्टेलांच्या कँटीनला पाण्याचे जार आणि भाजी पोचवायचा. त्याच पिकअपवर म्हसू गाडी शिकला, लायसन काढलं. पुढं वस्तीखालची पडीक पट्टी होस्टेल बांधणाऱ्यानं विकत घेतली. भावांच्या वाटण्या झाल्या, घरावर स्लॅब टाकून झाला आणि तरीही थोडे पैसे उरले. सूरजनं एकदाच म्हटलं, "आबा, दुसरा पिकअप झाला असता." पुन्हा त्यानं ते काढलं नाही. बापानं स्वतःसाठी कधी काही मागितलेलं त्याला आठवत नव्हतं.

एका सकाळी दोघं पिकअपमधून बावधनला चालले होते. चांदणी चौकाच्या अलीकडं गाड्या तुंबल्या. शेजारी जुन्या गाड्या विकायचं दुकान होतं. मोठमोठ्या गाड्यांच्या रांगेत, मेंढरांत कोकरू उभं असावं तशी, एक लाल बुटकी गाडी.

"गाडी बाजूला घी," म्हसू म्हणाला.

"का? लागली का?"

"घी म्हंतोय ना."

दुकानात अमोघ नावाचा तरुण विक्रेता होता. इस्त्रीचा शर्ट, पायात पांढरे बूट. म्हसूचं पागोटं आणि सूरजच्या शर्टावरचं जारचं पाणी त्यानं एका नजरेत पाहिलं, पण तोंडावर काही दाखवलं नाही. हा त्याचा चांगुलपणा होता की धंदा, हे म्हसूला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"काका, बाहेरून काय बघताय? आत बसा. बसायला पैसे नाहीत."

म्हसू बसला. बसला म्हणजे पडलाच. पाय लांब पसरले, पाठ मागं गेली आणि डोळे एकदम दुकानातल्या सगळ्यांच्या गुडघ्यांपाशी आले. त्यानं दारावरून हात खाली सोडला. बोटं फरशीला लागली. हात तसाच ठेवून तो बसून राहिला.

अमोघनं इंजिन सुरू करून दिलं. इंजिनाची एकेक थरथर शिटातून पाठीला कळत होती. मनात माल्याच्या पुढचं पहिलं वळण आलं, मग मोरी, मग वडाखालचा तो पॅच, जो भर उन्हात दोनदा उकरून पुन्हा भरला होता. म्हसूनं डोळे मिटले.

"आबा, झोपला का?" सूरज म्हणाला.

उठायला मात्र एका हाताला सूरज आणि दुसऱ्याला अमोघ लागला.

"आबा, ह्येच्यात रोज बसायचं म्हंजी उठवायला मानूस ठिवाया पायजेल."

"तू हायेस की. तुला काय काम हाय?"

म्हसूनं चौकात एक फेरी मारून पाहिली. त्याला ती माल्यापर्यंत न्यायची होती. अमोघ म्हणाला, तेवढं लांब मालक सोडत नाहीत. म्हसूला ते पटलं. दुसऱ्याचं जनावर आपणही रानात नेत नाही.

"राहता कुठं काका?"

"लवळ्याला. वरच्या वस्तीवर."

"वर म्हणजे डोंगरावर? रस्ता कसा आहे?"

"डांबरी सोडली की कच्चा."

अमोघनं ओठ दाबले. मग गाडीशेजारी उकिडवा बसून त्यानं तिच्या पोटाखाली हात घातला. वीतभरसुद्धा जागा नव्हती.

"खरं सांगू का? अशीच नेली तर पहिल्याच दगडाला हिचं पोट फाटेल. ऑइल सांडेल, इंजिन बसेल. जुनी गाडी, पार्ट बाहेरून मागवावा लागतो, महिनोनमहिने येत नाही. माझं ऐका. दोन इंच वर घ्या. मागं आपलाच माणूस आहे, करून देतो. आणि मऊ स्प्रिंगा टाकू. रस्ता जाणवणारसुद्धा नाही."

"जानवनार न्हाई?"

"अजिबात नाही. सोफ्यावर बसल्यासारखं."

"मंग बसून काय करू?"

अमोघ मोकळेपणानं हसला. त्याला वाटलं म्हाताऱ्यानं विनोद केला.

घरी गेल्यावर म्हसू त्या सल्ल्यावर विचार करत बसला. विकणाऱ्याच्या बोलण्यात त्याचं किती आणि आपलं किती, हे वेगळं करणं तो मेंढरं घेता-देता शिकला होता. पोट फाटेल हे खरं. मागचा माणूस आपलाच, म्हणजे त्यात अमोघचं काहीतरी सुटत असणार, तेही ठीक. आणि मऊ स्प्रिंगा ही तर निव्वळ माया. दुसऱ्या कोणालाही तेच हवं असतं. सल्ल्यात खोटं काही नव्हतं. तो दुसऱ्या माणसासाठी होता, एवढंच.

"त्यो बराबर सांगतुया आबा," सूरज म्हणाला. "दोन इंचानं काय हुतंय?"

"दोन इंचानं त्यो पिकअप हुतो."

तुकाबाई चुलीपाशी होती. तिला सगळं कळलं होतं.

"जागा किती हायेत म्हनं त्या गाडीत?"

"दोन."

"मंग बरं हाय. एक तुमची, एक माझी. सूरज मागनं पळत यील." मग हसणं थांबवून ती म्हणाली, "अवं, पर एवढं काय हाय त्या गाडीत?"

म्हसूनं पहिल्यांदा सांगितलं. वळण, मोरी, वडाखालचा पॅच. बोलणारा माणूस नव्हता, तुटक तुटक सांगितलं. तुकाबाईनं भाकरी उलटायची ठेवून ऐकलं. भाकरी करपली.

"मंग जशी हाय तशीच आना," ती म्हणाली.

"पर वर यायची न्हाई."

"ते तुमी बघा. रस्त्याचं मला काय इचारता?"

आणि त्यावरूनच त्याला सुचलं. गाडी वर घ्यायची नसेल तर रस्ता वर घ्यायचा. मैलकुलीला याच्यापलीकडं दुसरं काय सुचणार?

दुसऱ्या दिवशी तो एकटाच बावधनला गेला. खिशात कागदाची पुडी होती, तिच्यात भंडारा. म्हसूच्या वस्तीवर मेंढराचा सौदा ठरला की घेणारा त्याच्या पाठीवर भंडाऱ्याचं बोट ओढतो. बोट ओढलं की ते मेंढरू त्याचं. पैसे नेतेवेळी द्यायचे. तोवर ते विकणाऱ्याच्या वाड्यात राहतं, त्याचाच पाला खातं, पण दुसरा कोणी त्याच्याकडं वळून बघत नाही. अशा सौद्यात कोणी आगाऊ पैसे मागितले तर तो अपमान धरतात.

म्हसूनं लाल गाडीच्या तोंडावर, बरोबर मधोमध, पिवळं बोट ओढलं. अमोघनं हात जोडले. त्याला गाड्यांच्या पूजा नव्या नव्हत्या.

"आता ही माझी," म्हसू म्हणाला.

"तुमचीच आहे काका. टोकन ठेवून जाताय ना?"

"बोट वढलंय की."

"ते झालंच. पण थोडं काहीतरी..."

"दादा, मी जबान फिरवनारा न्हाई. पैकं नेताना सगळं दीन. आदी रस्ता करतो."

अमोघला वाटलं, ग्रामपंचायतीचा रस्ता मंजूर झाला असेल. "करा, करा. आरामात या," तो म्हणाला. त्याच्याकडं येणारे दहापैकी आठ जण असंच काहीतरी बोलून जात. त्यांनाही तो आरामात या असंच सांगायचा.

डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंतची वाट म्हणजे दगड, ओघळ आणि मधे एक उघडा कातळ. सूरज म्हणाला, "जेसीबी बोलावतो. दुपारच्याला मोकळं."

"जेसीबी उकरतो. दाबत न्हाई. दिसायला रस्ता, पाय ठिवला की भुसभुशीत."

म्हसूनं आधी पाण्याचं बघितलं. रस्ता मोडतो तो चाकानं नाही, पाण्यानं. डोंगराच्या अंगानं त्यानं चर मारली आणि पाण्याला खाली ओढ्याकडं वाट दिली. मग दगड पहारीनं उपटले. जे उपटले नाहीत ते घणानं फोडले, फोडलेलं डबर खड्ड्यात बसवलं, मोठं तोंड खाली, लहान वर. त्यावर मुरूम. मुरूम पातळ थरात टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसच्या जड ठोकळ्यानं ठोकायचं, मग दुसरा थर. जाड थर टाकला की वरचा बसतो, खालचा पोकळ राहतो. हे काम घाईत होत नाही, आणि झाल्यासारखं दाखवता मात्र येतं. म्हसूला दाखवायचं नव्हतं.

पाणी तुकाबाई वाहायची. हंडा खाली ठेवताना दर खेपेला काहीतरी बोलायची.

"लगीन झाल्यावर मला आनलं तवा ह्याच दगडांवरनं आनलं व्हतं. तवा न्हाई सुचलं रस्ता करायचं."

"तवा तू चालत आलीस."

"आन ती बया चालत येत न्हाई व्हय?"

"तिचं पोट जिमिनीला लागतं."

"माझंबी लागलं असतं सूरजच्या वक्ताला, कळलं असतं मंग."

वस्तीतले लोक येऊन उभे राहत. कोणी म्हणे आमदार येणार आहे, कोणी म्हणे सूरज बंगला बांधतोय. एका फळीला म्हसूनं जुन्या हातगाडीची चाकं बांधली आणि मधे खाली एक लोंबता दोरा सोडला, गाडीच्या पोटाएवढ्या उंचीवर. ती फळी वाटेवरून ओढत न्यायची. दोरा जिथं जमिनीला लागेल तिथं खरवडायचं. उघड्या कातळापाशी दोरा रोज लागायचा. तिथं छिन्नीनं कातळ उतरवला. हाताला घट्टे होतेच, ते पुन्हा फुटले. दिवसभर काम, संध्याकाळी अंगाला तेल, आणि डोळे मिटले की ती लाल गाडी वळण घेऊन वर येताना दिसायची. कधी कधी ती वस्तीपाशी थांबायचीच नाही. सरळ माल्याला जायची.

अमोघचा मधे फोन आला. "काका, येताय ना?"

"रस्ता चाललाय."

"बरं, बरं."

पुन्हा एकदा आला. तेव्हा म्हसूच्या हातात धुम्मस होती. उत्कर्षानं फोन घेऊन सांगितलं, मामंजी कामावर आहेत. त्यानंतर आला नाही. म्हसूला त्याचं काही वाटलं नाही. मेंढरू घेणाऱ्याला कोणी रोज फोन करत नाही.

मग एके दिवशी दोरा खालपासून वरपर्यंत कुठंच लागला नाही. म्हसूनं फळी पुन्हा खाली नेली, पुन्हा वर आणली. नाही लागला. त्यानं अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं. बँकेतून पैसे काढून सूरजला घेऊन बावधनला गेला.

लाल गाडीच्या जागी पांढरी उंच गाडी उभी होती.

अमोघ दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. म्हसूला बघून त्याचा चेहरा आधी हसला, मग थांबला.

"काका... ती गेली. मागच्याच आठवड्यात. सूसचे एक साहेब घेऊन गेले."

"माझी व्हती ती."

"तुम्ही टोकन दिलं नव्हतं ना काका. दोनदा फोन केला मी."

"भंडारा लावला व्हता."

अमोघ गोंधळला. खरंच गोंधळला. "अहो, तो... गाड्या रोज सकाळी धुतो आम्ही."

म्हसूनं मान हलवली. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. बोट पुसलं गेलं होतं, आणि पुसणाऱ्याला ते काय होतं हे माहीत नव्हतं. चूक म्हसूचीच. आपल्या वाड्यातली रीत परक्याच्या वाड्यात चालेल असं त्यानं धरलं होतं.

सूरजला मात्र राहवलं नाही. "वर येऊन बघ एकदा," तो अमोघला म्हणाला. "म्हाताऱ्यानं काय केलंय त्ये बघ, मंग टोकनचं बोल."

अमोघ येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी तो आला, स्वतःच्या छोट्या गाडीतून. वस्तीवरून दिसत होतं. गाडी डांबरी सोडून वळली, चढाला लागली आणि अर्ध्यावर थांबली. अमोघ उतरला. वाकून जमीन बघितली. चरीत डोकावला. मग गाडीत न बसताच बराच वेळ उभा राहिला.

तुकाबाईनं त्याला चहा दिला. तो बाजेच्या कडेवर अवघडून बसला होता.

"हे सगळं त्या गाडीसाठी?"

"मंग काय तुज्यासाठी?" तुकाबाई म्हणाली.

"काका, मला वाटलं तुम्ही टाळताय. लोक असंच टाळतात."

"टाळायचं आसतं तर तसं सांगितलं आसतं," म्हसू म्हणाला. मग त्यानं विचारलं, "सूसवाल्यानं तशीच ठिवली का?"

अमोघनं कप खाली ठेवला. "नाही. त्यांच्या सोसायटीचे स्पीडब्रेकर मोठे आहेत. दोन इंच वर घेतली. मीच सांगितलं."

म्हसूनं समोर बघितलं. खाली होस्टेलांच्या पत्र्यांवर ऊन आलं होतं. ती गाडी आता कुठंतरी सूसमध्ये होती, पण ती आता ती नव्हती. उद्या सूसवाल्यानं हात जोडून परत दिली असती, तरी वडाखालच्या पॅचवरून ती सोफ्यासारखी गेली असती.

"तशीच दुसरी शोधतो काका. कोल्हापूर, नाशिक, सगळीकडं आमची माणसं आहेत. मिळणं अवघड आहे, पण शोधतो. कुणाला सांगणार नाही, पहिला फोन तुम्हाला."

विक्रेत्याच्या त्या शब्दात त्याचं किती आणि आपलं किती, हे म्हसूला पहिल्यांदाच वेगळं करता आलं नाही. कदाचित करायचं नव्हतं.

"तोवर माझ्या गाडीत बसता? तुमच्याच रस्त्यावरून एक चक्कर."

म्हसू बसला. गाडी खाली गेली, वर आली. कुठं घासली नाही, कुठं उडाली नाही. अमोघ मान वळवून त्याच्याकडं बघत होता, काय म्हणतो म्हणून.

"चांगला झालाय ना काका?"

"ह्येच्यात कळत न्हाई," म्हसू म्हणाला. रागानं नाही. जसं होतं तसं सांगितलं.

अमोघ गेला. जाताना वळणावर त्यानं जरा जोरात गाडी काढली, तरुण माणूस, त्याला वाईट वाटलं होतं. मागचं चाक घसरलं आणि मुरूम उखडला. म्हसू उतरत तिथपर्यंत गेला. वाकून बघितलं. मग वर येऊन फावडं आणि धुम्मस घेऊन पुन्हा खाली गेला.

तुकाबाई दारातून बघत होती.

"आता कुनासाठी?" तिनं वरून हाक दिली.

म्हसूनं उखडलेला मुरूम ओढून जागेवर घेतला, पायानं दाबला. दाबला जाईना.

"पानी आन," तो म्हणाला. "कोरडा बसत न्हाई."

ती हंडा घेऊन निघाली.